फ्री थ्रो: आपल्या अंगकाठीला बसेल असा शॉट कसा घडवायचा

आमच्या बास्केटबॉल संघात सगळ्यात उंच मी, १७८ सेंमी. सगळ्यात बुटकी आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ मांडणारी, १५५. फ्री थ्रो म्हणजे समोरच्या संघाने फाउल केल्यावर ठरलेल्या रेषेवरून, कुणी न अडवता टाकायचा शॉट. ती त्या रेषेवर उभी राहिली की बाकीच्या निम्म्या जणी आधीच डिफेन्सला परत निघायच्या, कारण शॉट जाणार हे ठरलेलं. मी उभी राहिले की सगळ्या रिबाउंडसाठी, म्हणजे चुकून परत येणाऱ्या बॉलसाठी, गुडघे वाकवून तयार. म्हणून मी सलग दोन मोसम तिचीच नक्कल केली: छातीपासून बॉल उचलायचा, गुडघे खोल वाकवायचे, पंजांवर येत सोडायचा. टक्केवारी ४६ च्या वर गेली नाही.

एका संध्याकाळी तिने बाजूला उभं राहून माझे वीसेक शॉट पाहिले आणि म्हणाली, "अगं, तू माझा शॉट टाकतेयस. तुझे हात माझ्याएवढे आहेत का?"

तिथून मी मोजायला, चित्रीकरण करायला आणि वहीत लिहायला लागले. पुढच्या मोसमाच्या शेवटी ७१ टक्क्यांवर आले. "तू उंच, तुला सोपं" किंवा "तू बुटका, तुला जड जाणार" असं ज्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत. शरीरामुळे शॉट कुठून सुटावा आणि किती उंच जावा हे ठरतं. त्यातले किती आत जातील हे मात्र शरीर ठरवत नाही.

काय काय लागेल

- मोजपट्टी, किमान ५ मीटरची
- स्लो मोशन चित्रीकरण करणारा फोन आणि तो स्थिर ठेवायला स्टँड किंवा खुर्ची
- तुमच्या गटाचा बॉल: पुरुषांना ७ नंबर, महिलांना ६, लहान मुलांना ५
- खडू किंवा चिकटपट्टी
- वही. फोनमधली नोंद चालेल, पण वही मागे-पुढे चाळता येते, तिचा उपयोग जास्त होतो.

सुरुवातीलाच रिंगची उंची आणि रेषेचं अंतर मोजा. उघड्यावरच्या कोर्टात रिंग खाली झुकलेली किंवा रेषा चुकीच्या जागी आखलेली असू शकते. तिथे महिनाभर घोटलेला शॉट मॅचमध्ये आखूड पडतो आणि माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

१. रेषेपासून रिंगपर्यंतचं गणित समजून घ्या

रेषा रिंगमागच्या बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून ४.६ मीटरवर असते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. रिंगचा मध्य बोर्डाच्या थोडा पुढे असल्यामुळे बॉलला आडवं अंतर कापायचं असतं ते साधारण ४.२ मीटर. रिंगचा आतला व्यास सुमारे ४५ सेंमी आणि ७ नंबरचा बॉल सुमारे २४ सेंमी रुंद, म्हणजे वरून पाहिलं तर जवळजवळ दोन बॉल मावतील एवढी जागा.

पण बॉल वरून सरळ खाली येत नाही, तिरका येतो, आणि तिरक्या येणाऱ्या बॉलला रिंग लंबगोल दिसते. बॉल ४५ अंशांत खाली आला तर त्याच्यासाठी तोंड उरतं सुमारे ३२ सेंमी. ३२ अंशांपेक्षा सपाट आला तर २४ सेंमीचा बॉल रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. शॉटला कमान द्या असं प्रत्येक प्रशिक्षक ओरडून सांगतो त्यामागे एवढंच भूमितीचं कारण आहे.

आता चूक किती चालते ते बघा. स्वच्छ, फक्त जाळी हलवणारा शॉट हवा असेल तर डावी-उजवीकडे दीड अंशापर्यंत ढळलेलं चालतं. वर-खालचा कोन तर आणखी क्षमाशील आहे: नेहमीच्या ५२ ते ५५ अंशांच्या शॉटमध्ये सोडण्याचा कोन एका अंशाने चुकला तर बॉल फार तर तीन-चार सेंमी इकडे-तिकडे पडतो. वेगाचं तसं नाही. बॉल सुटताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ७ मीटर असतो. तो शेकडा एकने वाढला किंवा घटला की बॉल तब्बल १० सेंमी लांब किंवा आखूड पडतो.

हे कळल्यावर माझं सरावाकडे बघणं बदललं. तोवर मी कोपर, अंगठा, नजर असं सगळं एकदम सुधारायला बघत होते. खरं काम एकच होतं, दर वेळी तोच जोर. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

२. उंचीचा फायदा नेमका कुठे आहे ते ओळखा

इथे तुमची उंची बघू नका, बॉल हातातून सुटतो ती उंची बघा. तीन खेळाडू घ्या: एकाचा बॉल १.७ मीटरवर सुटतो, दुसऱ्याचा २.१ वर, तिसऱ्याचा २.६ वर. तिघांनी ५२ अंशांत सोडला तर पहिल्याचा बॉल रिंगवर पोहोचतो तो जेमतेम ३२-३३ अंशांत, दुसऱ्याचा ४० च्या आसपास, तिसऱ्याचा ४७ च्या आसपास. म्हणजे ७ नंबरच्या बॉलला पहिल्याच्या वेळी रिंगचं तोंड मिळतं २४-२५ सेंमी, दुसऱ्याला २९, तिसऱ्याला ३३. उंच माणसाला जन्मजात मिळणारी सूट ती एवढीच.

ती सूट बुटका माणूस भरून काढू शकतो. १.७ मीटरवरून ५२ ऐवजी ५७ अंशांत सोडला की बॉल ४२ अंशांत आत उतरतो. त्यासाठी वेग लागतो सेकंदाला ७.५ मीटर, २.६ मीटरवरून सोडणाऱ्याला ६.८ पुरतो. फरक दहा टक्क्यांचा. पायांतून सहज निघेल एवढा.

मग उंच खेळाडू फ्री थ्रो चुकवतात हे इतकं प्रसिद्ध का? एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, शकील ओनील, २१६ सेंमी, कारकिर्दीची टक्केवारी ५२.७. विल्ट चेंबरलेन ५१.१. बेन वॉलेस ४१.४. ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण २१३ सेंमीचा डर्क नोविट्झकी ८७.९ टक्के टाकत होता, २२९ सेंमीचा याओ मिंग ८३.३. आणि महिलांमध्ये १९६ सेंमीच्या एलेना डेल डॉनची कारकिर्दीची टक्केवारी ९३ च्या वर आहे. उलट टोकाला १६० सेंमीचा मगसी बोग्स, ८२.७ टक्के. उंचीच आड येत असती तर अशी यादी झालीच नसती.

मला पटणारं कारण निवडीत आहे. खूप उंच मुलगा संघात येतो तो रिबाउंड, ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) आणि रिंगखालच्या खेळासाठी. शॉट नसला तरी त्याची जागा पक्की असते. त्याचे सरावाचे तास तिथेच जातात. बुटक्या खेळाडूला शॉट नसेल तर संघात जागाच मिळत नाही, म्हणून जे बुटके आपल्याला दिसतात ते आधीच गाळून आलेले असतात. तुम्ही नवीन आहात आणि उंच आहात तर प्रशिक्षकांनी तुम्हाला रिंगखाली उभं केलं तरी फ्री थ्रोचा वेळ सोडू नका. फाउल सगळ्यात जास्त तुमच्यावरच होणार आहेत.

३. स्वतःला मोजा

खांबावर किंवा भिंतीवर २ मीटरची खूण करा, तिच्या शेजारी उभे राहून शॉट टाका आणि फोन बरोबर बाजूने, कमरेच्या उंचीवर, सहा-सात मीटर लांब ठेवा. स्लो मोशनमध्ये बॉल बोटांतून सुटतो ती चौकट थांबवा. बॉल त्या खुणेच्या किती वर आहे ते लिहा. दहा शॉटची नोंद करा. इथे सरासरीपेक्षा फैलाव महत्त्वाचा: माझा बॉल कधी २.०० वर सुटायचा, कधी २.१८ वर. दर वेळी वेगळाच शॉट होता तो.

दुसरं, कमानीचा माथा. बॉलचा सर्वांत वरचा बिंदू रिंगच्या ७० सेंमी ते १ मीटर वर असला की कमान ठीक. त्याखाली असेल तर शॉट सपाट आहे. त्याहून फार वर गेलात तर वेग वाढवावा लागतो आणि वेगातली चूक महागात पडते, हे वर आलंच आहे.

तिसरं, हात. तळहात बॉलवर पसरून बघा. बॉल तळव्याला टेकतो की बोटांवर राहतो? मनगट मागे किती वळतं? खांदा न उचलता कोपर बॉलच्या खाली येतं का? ही तीन उत्तरं पुढच्या पायरीला लागतील.

४. अंगकाठीप्रमाणे शॉट बसवा

*बुटके, किंवा ज्यांच्या हातांत अजून जोर नाही.* जोर पायांतून आणा. गुडघे वाकतात आणि सरळ होतात, त्याच लयीत बॉल वर जातो. मध्ये कुठे थांबू नका. बॉल कपाळापाशी थांबला की पायांतून आलेला जोर तिथेच विरतो आणि उरलेलं काम खांद्याला करावं लागतं. स्वतःच्या जवळजवळ सगळ्या ताकदीने मारावा लागणारा शॉट दर वेळी सारखा निघत नाही. म्हणून ज्यांना रेषेवरून रिंगपर्यंत बॉल पोहोचवायलाच धडपड करावी लागते त्यांनी रेषेवरून सुरुवात करू नये. मुलांना मोठा बॉल देऊन "सवय होईल" म्हणणारे पालक भेटतात. सवय होते ती खांद्यावरून फेकण्याची, आणि ती पुढे काही वर्षं पिच्छा सोडत नाही.

*उंच आणि लांब हातांचे.* तुमचा प्रश्न उलटा आहे, जोर जास्त आहे आणि हलणारा भाग फार लांब. छातीपासून बॉल उचललात तर तो मोठा प्रवास करतो आणि त्या प्रवासात चुकायला जागा खूप. बॉल कपाळाच्या किंचित वर धरून तिथूनच सुरुवात करा. गुडघे थोडेच वाकवा. पंजांवर उचलायची गरज नाही, टाचा टेकलेल्या राहिल्या तरी चालतं. माझ्या शॉटमधला सगळ्यात मोठा बदल हाच. छातीऐवजी कपाळ, बस. दोन आठवड्यांत बॉल सुटण्याची उंची चार-पाच सेंमीच्या आत यायला लागली.

*मोठ्या पंजाचे.* बॉल तळव्यात बसतो आणि सुटताना फिरत नाही. बोटांची पेरं बॉलवर ठेवा आणि तळवा व बॉल यांच्यात एक बोट सरकेल एवढी फट ठेवा. सुटताना शेवटचा स्पर्श तर्जनी आणि मधल्या बोटाचा. बॉलवर रंगीत चिकटपट्टीचा पट्टा लावून टाका, मग मागे फिरणारी फिरकी डोळ्यांना दिसते. पट्टा डगमगत असेल तर बोटं एका बाजूला ओढताहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाऊ ट्रॅन यांनी संगणकावर लाखो शॉट मांडून पाहिले. त्यांना उत्तम ठरलेला शॉट असा: सुटताना ५२ अंश, सेकंदाला ३ मागचे फेरे, आणि नेम रिंगच्या मागच्या कडेकडे. उंच खेळाडूसाठीचा तो आकडा आहे. बुटक्यांनी कोन वाढवायचा, हे दुसऱ्या पायरीत पाहिलं.

*रुंद खांद्यांचे, भरलेल्या दंडांचे.* कोपर बॉलखाली आणायला गेलात की खांदा दुखतो, कारण शरीर तसं वळतच नाही. दोन्ही पाय रिंगकडे चौकोनी ठेवण्याचा हट्ट सोडा. उजव्या हाताने टाकत असाल तर पायांची टोकं थोडी डावीकडे वळवा, उजवा खांदा आपोआप पुढे येईल आणि कोपर रेषेत बसेल. किती वळायचं ते तुमचं शरीर सांगेल. ठरलं की पायांच्या कडेने खडूने आखून ठेवा आणि महिनाभर त्याच खुणेवर उभे राहा.

दुसऱ्या हाताबद्दल एकच सूचना, सगळ्यांसाठी. तो बॉलला फक्त आधार देतो. बॉल सुटताना त्याचा अंगठा ढकलत असेल तर शॉट आडवा जातो. चित्रीकरण समोरून केलंत तर हे लगेच सापडतं.

आणि खालून दोन्ही हातांनी टाकण्याबद्दल. नियमात ते पूर्ण बसतं. रिक बॅरीने एनबीएमध्ये तसंच टाकून ९० टक्के गाठले. चेंबरलेनने १९६१-६२ च्या मोसमात ती पद्धत धरली आणि त्याची टक्केवारी ६१.३ झाली. २ मार्च १९६२ ला १०० गुण केले त्या मॅचमध्ये ३२ पैकी २८ फ्री थ्रो गेले. पुढे त्याने लाजेपोटी ती सोडली आणि ते चूक होतं हेही नंतर कबूल केलं. मनगट वळत नसेल, खांद्याला जुनी दुखापत असेल, तर खुशाल करून बघा. कोण काय म्हणेल याचा विचार रेषेवर करू नका.

५. एकच रूटीन ठरवा

पाय खुणेवर, ठरलेले ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं), एक श्वास, नजर रिंगवर, शॉट. पाच सेकंदांत संपेल असं बसवा, कारण आंतरराष्ट्रीय नियमात पंचांनी बॉल दिल्यावर तेवढाच वेळ मिळतो. एनबीएचे १० सेकंद टीव्हीवर बघून लांबलचक रूटीन बसवणारे पुष्कळ असतात, मॅचमध्ये घाई होते आणि सगळं विस्कटतं. टॉम अॅम्बेरी हे पायांचे निवृत्त डॉक्टर. १९९३ मध्ये ७१ व्या वर्षी त्यांनी सलग २,७५० फ्री थ्रो टाकले. त्यांचं रूटीन अगदी साधं आणि दर वेळी तेच होतं.

नजरेवर थोडं थांबते, कारण ही गोष्ट फुकटात मिळते आणि तरी कुणी शिकवत नाही. संशोधक जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो टाकणाऱ्या खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल टिपली. ज्यांचे शॉट जास्त जातात त्यांची नजर हालचाल सुरू होण्याआधी रिंगच्या एकाच जागी जास्त वेळ स्थिर राहते, असं त्यांना दिसलं. माझी नजर रिंगच्या पुढच्या कडेवरून मागच्या कडेवर, तिथून बोर्डावर अशी फिरत होती. आता मागच्या कडेवरची एकच जागा निवडते, मनात "एक" म्हणते आणि मग बॉल उचलते.

६. सराव असा करा

पहिले दोन आठवडे रेषेवर जाऊच नका. रिंगपासून दीड-दोन मीटरवर उभे राहून एका हाताने, रिंगला न लागता, रोज २५ शॉट आत घाला. मग एक पाऊल मागे. आकार बिघडला की परत पुढे. रेषेवर पोहोचायला तीन आठवडे लागले तरी चालतील.

रेषेवर आलात की एका जागी उभं राहून सलग पन्नास टाकण्याचा मोह होतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. सलग टाकताना दहाव्या शॉटपासून हात आधीच्या शॉटवरूनच दुरुस्ती करतो, आणि मॅचमध्ये आधीचा शॉट नसतो. तुम्ही धावत आलेले असता, दम लागलेला असतो आणि दोनच संधी मिळतात. म्हणून दोन-दोन टाका. दोन शॉट, मग कोर्टाची एक फेरी किंवा इतर ड्रिल, परत दोन शॉट. आमच्याकडे पूर्ण सरावात असे २० ते २५ जोड व्हायचे, आठवड्यातून पाच दिवस.

रेषेवरच्या या ढिगाने केलेल्या सरावाला फळ येतं, याचा एक छान पुरावा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी खेळाडूंना वेगवेगळ्या अंतरांवरून उभ्याने शॉट टाकायला लावले. अंतर वाढेल तशी अचूकता घसरत गेली, पण नेमक्या फ्री थ्रोच्या रेषेवर ती अपेक्षेपेक्षा वर उसळली. शरीर तेच, हात तेच, फक्त त्या एका जागेवरून हजारो वेळा टाकलेलं.

७. वहीत काय लिहायचं

तारीख, पहिल्या शॉटचे गेलेले, दुसऱ्या शॉटचे गेलेले, आणि चुकलेला कुठे चुकला: आखूड, लांब, डावा, उजवा. पहिला आणि दुसरा वेगळा लिहा. दुसरा शॉट जास्त जातो, हे एनबीएच्या आकड्यांतही दिसतं. दोघांत फार अंतर असेल तर तुमचं रूटीन अजून पक्कं नाही.

आखूड-लांब चुका जास्त असतील तर प्रश्न जोराचा, पाय आणि लय बघा. डाव्या-उजव्या जास्त असतील तर कोपर, पाय किंवा दुसऱ्या हाताचा अंगठा.

मात्र दहा शॉटवरून काहीही ठरवू नका. खरोखर ७० टक्क्यांच्या खेळाडूलासुद्धा दर सहा-सात वेळा दहा शॉट टाकले की एकदा पाच किंवा त्याहून कमीच जातात, निव्वळ योगायोगाने. शंभर शॉटलाही तो ६१ ते ७९ मध्ये कुठेही असू शकतो. एका वाईट दिवसानंतर शॉट बदलणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. एक बदल करा, किमान ३०० शॉट त्यावर टाका, मगच पुढचा. एनबीएची सरासरी कित्येक दशकं ७५ टक्क्यांच्या आसपास राहिली आहे, तेव्हा ६० वरून ६६ वर आलात तर ती खरी प्रगती आहे.

८. मॅचमधला पहिला फ्री थ्रो

बॉल रिंगला लागेपर्यंत किंवा आत जाईपर्यंत रेषेवर पाय पडू देऊ नका, नाहीतर गेलेला शॉटही मोजत नाहीत. लांब हातांचे खेळाडू झुकून पुढे पडतात, त्यांनी सुरुवातीपासूनच रेषेपासून तळहाताएवढं मागे उभं राहावं. शॉट टाकण्याचं नाटक करून हात थांबवणं हाही नियमभंग आहे.

बॉल घ्यायची घाई करू नका. फाउल झाला की रेषेपर्यंत चालत जा, धावू नका. त्या आठ-दहा पावलांत श्वास खाली येतो. दमल्यावर शॉट आखूड पडतो कारण आधी पाय थकतात, म्हणून शेवटच्या क्वार्टरमध्ये मी मुद्दाम गुडघे किंचित जास्त वाकवते आणि हाताचा जोर तोच ठेवते. पहिला चुकला तर तो आखूड होता की लांब, एवढंच मनात नोंदवते, पाय त्याच खुणेवर ठेवते आणि रूटीन पहिल्या ड्रिबलपासून परत सुरू करते.